अश्वशक्ती मोजायची कोणी?

मागच्या मे महिन्यात आमचा भाचा दोन कागद घेऊन घरी आला. त्याच्याकडे पेट्रोलवर चालणारी, टर्बो बसवलेली छोटी मोटार आहे. पुण्यातल्या एका वर्कशॉपमध्ये त्याने तिचे ‘ट्यूनिंग’ करून घेतले होते. म्हणजे इंजिनाला किती पेट्रोल द्यायचे, ठिणगी केव्हा टाकायची आणि टर्बोने हवा किती दाबायची हे ठरवणाऱ्या संगणकातला कार्यक्रम बदलून घेतला होता. पहिल्या कागदावर चाकांपाशी मोजलेली शक्ती ९८ अश्वशक्ती होती, दुसऱ्यावर १२१. पैसे देऊन झाले होते, पण खंबाटकीचा घाट चढताना इंजिनातून खडखड ऐकू येऊ लागली होती. “मामा, गाडी पळते खरी, पण तेवीस घोडे वाढल्यासारखे वाटत नाही. आता दुसरीकडे दाखवायची तर कोणावर भरवसा ठेवू?” असे त्याने विचारले.

आम्ही मोटारींचे तज्ज्ञ नाही. पण मोजमाप हा आमचा रोजचा व्यवसाय असल्याने ते दोन कागद आम्ही ठेवून घेतले. विचार करता लक्षात आले की भाच्याचा प्रश्न दोनशे वर्षांहून जुना आहे. इंजिन सुधारून देणारा म्हणतो, “शक्ती वाढली.” पैसे देणारा विचारतो, “कशावरून?” या प्रश्नाला माणसांनी वेळोवेळी जी उत्तरे शोधली, त्यांचा इतिहास शिक्षकांना वर्गात सांगण्याजोगा आहे.

कुलूपबंद मोजणी

सुरुवात जेम्स वॅटपासून करू. न्यूकोमेनच्या जुन्या इंजिनांपेक्षा त्याचे वाफेचे इंजिन कितीतरी कमी कोळसा खात असे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉल परगण्यातल्या तांब्याच्या व कथिलाच्या खाणींत पाणी उपसण्यासाठी त्याला मोठी मागणी होती. वॅट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांनी मोबदल्याची रीत अशी ठेवली, की जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक तृतीयांश भाग त्यांना मिळावा. पण इंजिनाने काम किती केले हे कळल्याशिवाय बचत कशी काढणार? म्हणून इंजिनाच्या तुळईवर ठोके मोजणारे यंत्र बसवले जाई. ते पेटीत बंद असे आणि पेटीला कुलूप असे. किल्ली मात्र वॅटच्या कंपनीकडे.

गिरण्यांमध्ये इंजिन आले ते घोड्यांच्या जागी. तिथे तुलना घोड्याशी करावी लागली. वॅटने धरलेला हिशेब असा: घोडा १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळात तासाला १४४ फेऱ्या मारतो आणि १८० पौंडांच्या बलाने ओढतो. विद्यार्थ्यांकडून हा गुणाकार जरूर करून घ्यावा. मिनिटाला सुमारे ३२,५७२ फूट-पौंड येतात. वॅटने ते ३३,००० केले, आणि हीच आपली अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ७४६ वॅट.

थोडक्यात, हे एकक जन्मले ते विक्रेत्याच्या बिलासाठी, आणि मोजणीची किल्लीही विक्रेत्याच्याच खिशात होती. वॅट लबाड होता असे नव्हे. पण खाणमालकांना ही व्यवस्था कायम खटकत राहिली आणि पैशांवरून भांडणे होत राहिली.

कॉर्नवॉलचे मासिक पत्रक

वॅटच्या पेटंटची मुदत १८०० साली संपली. त्यानंतरच्या दहा वर्षांत कॉर्नवॉलमधील इंजिनांची देखभाल ढिली पडली. कोणाचे इंजिन चांगले आणि कोणाचे वाईट, हे सांगायला कुणाकडे आकडेच नव्हते. तेव्हा खाणीवाल्यांनी ठरवले की सर्वांच्या इंजिनांची तपासणी एकाच माणसाने, एकाच रीतीने करावी आणि निकाल दर महिन्याला छापावेत. हे काम जोएल लीन या अनुभवी खाण-व्यवस्थापकाकडे आले आणि १८११ मध्ये पहिले पत्रक निघाले. पुढच्याच वर्षी लीन वारला, पण त्याच्या मुलांनी काम चालू ठेवले. हे पत्रक १९०४ पर्यंत चालले.

पत्रकात प्रत्येक इंजिनाचे माप, ठोक्यांची संख्या, जळालेला कोळसा आणि त्यावरून काढलेली ‘कामगिरी’ असे. कामगिरी म्हणजे एक बुशेल, म्हणजे ९४ पौंड कोळशात किती पौंड पाणी एक फूट वर उचलले गेले तो आकडा. शेजारी त्या इंजिनाच्या अभियंत्याचे नाव छापलेले असे. कोणत्या अभियंत्याला बोलवावे, हे खाणमालकाला पत्रक वाचून ठरवता येऊ लागले. कोणी इंजिनात काही नवे केले, तर फरक पडला की नाही हे महिन्याभरात सगळ्या परगण्याला कळे.

परिणाम विलक्षण होता. १८११ च्या सुमारास सरासरी कामगिरी दोन कोटींच्याही खाली होती. १८४० च्या दशकात ती सहा कोटींच्या पुढे गेली. १८३५ मध्ये फॉवी कन्सोल्स या खाणीवर विल्यम वेस्टने उभारलेल्या इंजिनाची २४ तासांची जाहीर चाचणी झाली, तेव्हा आकडा साडेबारा कोटींवर पोहोचला. आजच्या भाषेत सांगायचे तर कोळशातील उष्णतेपैकी जेमतेम दोन टक्के कामी लावणाऱ्या इंजिनांपासून सुमारे बारा टक्के कामी लावणाऱ्या इंजिनापर्यंत मजल गेली. जास्त दाबाची वाफ वापरणे, ती सिलिंडरमध्ये प्रसरण पावू देणे आणि उष्णता बाहेर जाऊ न देणे अशा लहानमोठ्या सुधारणांची ही बेरीज होती. ट्रेव्हिथिक, वूल्फ, ग्रोस, वेस्ट असे अनेक हात तिला लागले.

आम्हाला या हकिकतीत सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. कॉर्नवॉलचे अभियंते एकाएकी अधिक प्रामाणिक झाले नव्हते. बदलले ते एवढेच, की मोजणारा आणि सुधारणारा हे दोघे वेगळे झाले, आणि मोजलेले सर्वांसमोर आले.

प्रोनीचा ब्रेक

पाणी उपसणाऱ्या इंजिनाचे काम मोजणे त्यामानाने सोपे. पण नुसता दांडा फिरवणाऱ्या इंजिनाची शक्ती कशी मोजायची? याचे सुंदर उत्तर फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने १८२१ मध्ये दिले. इंजिनाच्या फिरत्या चाकाला दोन बाजूंनी लाकडी ठोकळे लावायचे आणि बोल्टांनी आवळायचे. ठोकळ्यांना एक लांब दांडी जोडायची. चाक ठोकळ्यांना आपल्याबरोबर ओढून नेऊ पाहते. दांडीच्या टोकाला वजन टांगून ती आडवी, स्थिर ठेवायची. बस्स. मग

शक्ती (वॅट) = २ × ३.१४ × दर सेकंदाचे फेरे × दांडीची लांबी (मीटर) × टोकावरील बल (न्यूटन)

यातली गंमत विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावी. लाकूड आणि लोखंड यांमधले घर्षण किती हे ठाऊक असण्याची गरजच नाही! घर्षण कितीही असो, ते दांडीवरच्या वजनाने तोललेले असते. लागतात ते तीनच आकडे: लांबी, वजन आणि फेरे. तिन्ही कोणालाही पुन्हा मोजता येतात. ‘ब्रेक हॉर्सपॉवर’ या शब्दातला ब्रेक तो हाच. मोटार थांबवणाऱ्या ब्रेकशी त्याचा थेट संबंध नाही.

मोठ्या इंजिनांवर लाकूड जळू लागे. १८७७ मध्ये विल्यम फ्रूड याने लाकडाऐवजी पाणी घुसळून शक्ती शोषणारा ब्रेक बनवला, आणि पुढे विद्युत्-चुंबकीय ब्रेकही आले. तत्त्व मात्र प्रोनीचेच राहिले. रुडॉल्फ डिझेलचे इंजिन फेब्रुवारी १८९७ मध्ये जर्मनीत आउग्सबुर्ग येथे तयार झाले, तेव्हा चाचणीसाठी म्युनिकहून प्राध्यापक मोरिट्झ श्र्योटर यांना बोलावले होते. त्यांनी मोजलेली कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. आपल्या इंजिनाविषयी डिझेलने स्वतः केलेल्या दाव्यांपेक्षा बाहेरच्या माणसाने काढलेल्या या एका आकड्याने अधिक काम केले.

कागदावरचे घोडे

मोटारींचे युग आले आणि अश्वशक्ती जाहिरातीत शिरली. अमेरिकेत १९७१ पर्यंत बहुतेक कंपन्या इंजिन गाडीबाहेर काढून, त्याचा पंखा, हवेची गाळणी, सायलेन्सर असे अडथळे दूर करून शक्ती मोजत. १९७२ च्या गाड्यांपासून हे सारे जोडलेल्या स्थितीतले आकडे देण्याची पद्धत पडली. कॅडिलॅकच्या एल्डोराडो गाडीचे ८.२ लिटरचे इंजिन १९७१ साली ३६५ अश्वशक्तीचे म्हणवले जात होते. पुढच्या वर्षी त्याचीच शक्ती २३५ सांगितली गेली. इंजिनातून १३० घोडे पळून गेले नव्हते. ते मुळात गाडीला कधी जुंपलेलेच नव्हते!

म्हणजे प्रश्न नुसता ‘किती?’ एवढा नसतो. ‘कुठे, कशाने आणि कोणत्या परिस्थितीत मोजले?’ हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. आता भाच्याच्या कागदांकडे वळू.

मोटार रोलरवर उभी करून चाकांपाशी शक्ती मोजतात. वर्कशॉपमध्ये या यंत्राला ‘डायनो’ म्हणतात. काही डायनोंत प्रोनीसारखा ब्रेक असतो. काहींत नुसता जड रोलर असतो. त्याचे जडत्व ठाऊक असते, म्हणून तो किती झपाट्याने वेग घेतो यावरून शक्ती निघते. पण हवा उष्ण किंवा विरळ असेल तर इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो आणि शक्ती घटते. म्हणून निरनिराळ्या दिवसांचे आकडे तुलनेसाठी एका ठरावीक हवामानावर आणतात. यासाठी एक गुणक वापरतात. एक जुने अमेरिकन मानक समुद्रसपाटीचा दाब आणि सुमारे १५.५ अंश सेल्सियस तापमान धरते. नंतरचे मानक ९९० मिलिबार आणि २५ अंश धरते. या दोहोंच्या उत्तरांतच सुमारे ४ टक्क्यांचे अंतर पडते.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब सरासरी ९४८ मिलिबारच्या आसपास, म्हणजे मुंबईपेक्षा ६ टक्क्यांहून कमी असतो. २६ अंश तापमानाला, हवेतील बाष्प जमेस धरून, जुन्या मानकाचा गुणक काढला तर तो १.११ च्या जवळ येतो. भाच्याचा पहिला कागद भर दुपारी ३८ अंशांवर, कोणताही गुणक न लावता छापलेला होता. दुसरा सकाळी २६ अंशांवर, जुन्या मानकाचा गुणक लावून. हे सारे कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेले होते. १२१ ला १.११ ने भागले की १०९ उरतात. तेवीसांपैकी बारा घोडे केवळ गुणाकारातून जन्मले होते! शिवाय टर्बो बसवलेल्या इंजिनाला हा गुणक सरसकट लावणेच चूक आहे. टर्बो स्वतः हवा दाबून विरळपणाची बरीचशी भरपाई करतो. मग वर आणखी गुणक लावला, तर तीच भरपाई दोनदा होते.

आणि ती खडखड? ठिणगी फार लवकर टाकली किंवा हवा फार दाबली, तर सिलिंडरच्या कोपऱ्यातले मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच एकदम पेटते. मेकॅनिक याला नॉकिंग म्हणतात. जळत्या वायूंचे तापमान २,००० अंशांच्या वर असते आणि दट्ट्या असतो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. दट्ट्या टिकतो, कारण थंड तेल आणि पाणी त्याची उष्णता सतत वाहून नेतात आणि त्याच्या पृष्ठभागाला लागून वायूचा एक पातळ, त्यामानाने थंड थर असतो. नॉकिंगच्या दाबलहरी हा थर उधळून लावतात. म्हणजे डायनोवर दहा सेकंद मिळालेली शक्ती घाटात दहा मिनिटे टिकेलच असे नाही. शक्तीचा आकडा खरा असला, तरी इंजिनाच्या आयुष्याचा हिशेब त्यात नसतो.

मोठी कंपनीही चुकते

यावर कोणी म्हणेल, की छोट्या वर्कशॉपांचे असेच असते, मोठ्या कंपनीवर भरवसा ठेवावा. १९९९ साली फोर्डने मस्टँग कोब्राची नवी आवृत्ती आणली. आधीच्या गाडीची शक्ती ३०५ अश्वशक्ती होती, नवीची ३२० सांगितली गेली. काही मालकांना गाडी तेवढी पळताना दिसेना. त्यांनी गावातल्या डायनोवाल्यांकडे ती मोजून घेतली, तर आकडे जुन्या गाडीपेक्षाही पुढे जाईनात. एक मापन चुकू शकते. पण ठिकठिकाणच्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या रोलरांवर तेच दिसू लागले, तेव्हा कंपनीला दखल घ्यावी लागली. ऑगस्ट १९९९ मध्ये फोर्डने विक्री थांबवली, विकलेल्या गाड्या परत बोलावल्या आणि हवा आत नेणारी नळी, सायलेन्सरचा भाग व संगणकातला कार्यक्रम यांत दुरुस्त्या करून दिल्या.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. फोक्सवॅगनच्या काही डिझेल गाड्यांच्या संगणकात, गाडीची तपासणी चालू आहे हे ओळखणारा कार्यक्रम घातलेला होता. तपासणीत धूर स्वच्छ, रस्त्यावर मात्र नाही. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी मोजणीची उपकरणे गाडीतच ठेवून ती रस्त्यावर चालवली. एका गाडीतून नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या १५ ते ३५ पट बाहेर पडत असल्याचे त्यांना आढळले. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकन सरकारने कंपनीला नोटीस दिली. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या यात गुंतलेल्या होत्या. भारतात पुण्याच्या वेताळ टेकडीवरील एआरएआय या, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने रस्त्यावर चाचण्या केल्या. प्रदूषण मर्यादेच्या १.१ ते २.६ पट भरले आणि डिसेंबर २०१५ मध्ये सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावण्याचे जाहीर झाले. ज्याची परीक्षा घ्यायची त्यालाच परीक्षेची वेळ आणि प्रश्न ठाऊक असले की काय होते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

भरवशाचे गॅरेज

भाच्याला आम्ही कोणत्याही गॅरेजचे नाव सुचवले नाही. एवढेच सांगितले, “जो आधी मोजतो आणि मग हात घालतो, त्याच्याकडे जा.” चौकशी करत तो शहराच्या दुसऱ्या टोकाला एका वर्कशॉपमध्ये पोहोचला. तिथल्या मालकाने पहिल्या दिवशी काही करायलाच नकार दिला. आधी प्लग काढून पाहिले, सिलिंडरांचा दाब मोजला. मग इंजिनात कंपनीचा मूळ कार्यक्रम परत घालून, त्याच गिअरमध्ये तीन वेळा गाडी रोलरवर चालवली: ९७, ९८, ९७. लगेच बदललेला कार्यक्रम घालून पुन्हा तीन वेळा: १०६, १०७, १०६. कोणताही गुणक नाही. “तुमचे नऊ वाढलेत, तेवीस नाहीत. त्यातले तीन-चार मी काढून घेणार, नाहीतर इंजिन जाईल,” असे तो म्हणाला. सहाही आलेख त्याने भाच्याच्या हाती दिले आणि वर सांगितले, “दुसरीकडे मोजून बघा, फरक आला तर मला कळवा.”

हे शेवटचे वाक्य ऐकून आम्हाला जोएल लीनची आठवण झाली. गुण सांगणारे पुष्कळ भेटतात, ‘दुसरीकडे तपासून घ्या’ म्हणणारा क्वचित. आमच्या प्रयोगशाळेत नवा तराजू आला की त्यावर आधी ठाऊक असलेले वजन ठेवून पाहतो. माणसाच्या बाबतीतही याहून वेगळी कसोटी आम्हाला माहीत नाही.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे. म्हणून गाडीला हात लावण्यापूर्वी आर.टी.ओ.त विचारावे. वेगाची खरी हौस असेल तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे आणि कोइमतूरला शर्यतीचे मार्ग आहेत. हे सारे भाच्याला गाडी देण्यापूर्वी कोणी सांगितले नव्हते. खरे तर ते सांगणे हीसुद्धा भरवशाच्या गॅरेजची एक खूण. शेवटी त्याने मूळ कार्यक्रमच परत घालून घेतला. खंबाटकीत आता खडखड नाही.

वर्गात करण्याजोगे

प्रोनीचा ब्रेक शाळेत सहज करता येतो. सायकल उलटी ठेवून घट्ट धरावी. मागच्या चाकाचे टायर काढून, रिमच्या खाचेत वरून सुती पट्टा टाकावा. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना ताणकाटे बांधून ते खाली स्टुलाला अडकवावेत. एका विद्यार्थ्याने हाताने पेडल फिरवावे, दुसऱ्याने चाकाचे फेरे मोजावेत, तिसऱ्याने दोन्ही काट्यांतला फरक वाचावा. फरक २० न्यूटन, रिमची त्रिज्या ०.३ मीटर आणि सेकंदाला २ फेरे असतील, तर शक्ती सुमारे ७५ वॅट, म्हणजे एका घोड्याचा दहावा हिस्सा होईल. पट्टा तापतो, तेव्हा त्याला हात लावू नये. बोटे आरांपासून दूर ठेवावीत.

वर्गाचे दोन गट करावेत. दोघांनी त्याच विद्यार्थ्याची शक्ती वेगवेगळी मोजावी आणि आपले आकडे फळ्यावर लिहीपर्यंत एकमेकांना सांगू नयेत. उत्तरे जुळली नाहीत तर कोण चुकले हे शिक्षकांनी सांगू नये. ते शोधून काढण्याचे काम मुलांवरच सोपवावे.